बंद कारखान्याचं व्याज

महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, त्या भाड्याच्या सभागृहात चारशे माणसं हातात फोन धरून बसायची. खुर्च्या तीनशेच होत्या, त्यामुळे उरलेली भिंतीला टेकून उभी. अकराला दोन मिनिटं कमी असताना पंखे बंद केले जायचे. मग व्यासपीठावरचे सर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत हलक्या आवाजात म्हणायचे, "आता कोणी बोलू नका. पैसा येताना शांतता लागते."

ठीक अकराला कुठेतरी एक फोन वाजायचा. मग दुसरा, मग दहा, आणि मग पत्र्यावर गारा पडाव्यात तसे सगळेच. व्याज आलेलं असायचं. बायकांचे डोळे भरून यायचे. माझ्या शेजारच्या एका म्हाताऱ्या शिंप्याने तर फोन कपाळाला लावला आणि मगच चष्मा लावून आकडा वाचला.

मी मीटर रीडर आहे. घरोघरी, दुकानोदुकानी आणि कारखान्यांत जाऊन विजेच्या मीटरवरचे आकडे टिपून आणतो. त्यामुळे असेल, पण आकडा दिसला की तो कशाने फिरला हे बघायची मला खोड आहे. त्या सभागृहात मी गेलो तो ताईच्या आग्रहाने. ताई पहिल्या रांगेत बसायची. तिची जागा ठरलेली होती.

ताई माझी थोरली बहीण. मी नऊ वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून मला तिनेच वाढवलं. सरकारी रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डची ती मुख्य परिचारिका होती. तीस वर्षं शहरातली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेली, तापातून उठून घरी गेली. त्यामुळे बाजारात गेली तरी तिला दोन पावलांवर कोणीतरी थांबवायचंच. मग भावजी गेले, पाठोपाठ ती निवृत्त झाली, आणि बघता बघता तिला थांबवणारं कोणी उरलं नाही. मी पंधरा दिवसांतून एकदा जायचो. गेल्यावर ती म्हणायची, "आज तीन दिवसांनी बोलतेय मी." ते ती हसत सांगायची, म्हणून मीही हसण्यावारी न्यायचो.

तिला ते सर भेटले एका जुन्या सहकारी बाईकडून. हे सर कुठल्या शाळेत शिकवत होते ते कोणालाच माहीत नव्हतं. दाढी, झोळी, माळा यातलं त्यांच्याकडे काही नव्हतं. इस्त्रीचा आकाशी शर्ट, खिशाला दोन पेनं आणि बोलणं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं आपणच हे इतकी वर्षं म्हणत होतो.

"बँक तुम्हाला किती देते?" सर विचारायचे.

"सहा टक्के," सभागृह म्हणायचं.

"आणि तुमचाच पैसा कारखान्यांना किती टक्क्यांनी देते?"

"बारा."

"मग मधल्याला का पोसता?"

यात चूक काहीच नव्हती. कंपनीला पैसा लागतो, तो ती लोकांकडून कर्जाऊ घेते आणि बदल्यात रोखा देते, ज्याला आपण बाँड म्हणतो. ठरल्या तारखांना व्याज, मुदत संपली की मुद्दल. पूर्वी हा बड्या लोकांचा व्यवहार होता. आता रीतसर नोंदणी असलेल्या ॲपवरून माझ्यासारखा माणूसही दहा हजारांचा रोखा घेऊ शकतो. कंपनी बुडाली तर पैसे बुडतात, आणि ती भीती जितकी जास्त तितकं व्याज जास्त. हा सगळा खरा बाजार आहे. खोट्याला नेहमी खऱ्याच्या शेजारीच दुकान थाटावं लागतं.

सरांच्या ॲपवर मात्र वर्षाला चौदा टक्के होते, तेही महिन्याच्या महिन्याला हप्त्याने जमा, आणि बुडण्याची भीती शून्य. अकरा कंपन्यांचे रोखे दिसायचे, प्रत्येकाखाली लांबलचक नंबर. ज्याने सहा महिने पैसे काढले नाहीत त्याच्या नावापुढे सोनेरी ठिपका यायचा. आणि शंका? "शंका घेणाऱ्याचं व्याज अडकतं," सर म्हणायचे. "मी नाही अडकवत. सिस्टीमला कळतं." लोक हसायचे, पण विचारायचं कोणी नाही. ताईच्या नावापुढे ठिपका होता. सर तिला हाताला धरून माइकपाशी आणायचे आणि ती सांगायची, "मी सात लाख ठेवलेत. निवृत्तीचे सगळे. एक महिना चुकला नाही." तिच्या वॉर्डातून जगून उठलेल्या पोरांचे आईबाप समोर बसलेले असायचे. त्यांना आणखी काय पुरावा हवा होता?

त्या अकरांतली सगळ्यात मोठी कंपनी म्हणजे आमच्याच शहराच्या टोकाचा पाइपांचा कारखाना. तो माझ्या फेरीत येतो. त्या मार्चमध्ये मी तिथे गेलो आणि मीटरसमोर बराच वेळ उभा राहिलो. जिथे महिन्याला हजारो युनिट जळायची तिथे गेल्या खेपेपेक्षा अकरा युनिट जास्त दिसत होती. फाटकावरच्या खोलीत एक दिवा होता, तेवढीच.

"मीटर बिघडलाय का?" मी पहारेकऱ्याला विचारलं.

"मीटर ठणठणीत आहे, मीटरवाले. कारखाना बिघडलाय," तो म्हणाला. "यंत्रं गाडीत घालून नेली. पाच महिने पगार नाही."

"मग तू का बसलायस?"

"उठून जाऊ कुठे?"

ही बातमी माझ्याआधीच सभागृहात पोचली होती. एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागून एका रंगाऱ्याने उभं राहून विचारलं, "सर, तो पाइपांचा कारखाना बंद पडला म्हणतात. आमचं व्याज?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. सरांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. अकरा वाजले आणि फोन वाजू लागले. रंगाऱ्याचाही वाजला. त्याने ॲप उघडलं. कारखान्याच्या नावापुढे व्याज जमा झालेलं होतं, पैन् पै.

"कारखाना बंद असेल," सर म्हणाले. "आपली सिस्टीम बंद नाही."

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. रंगारी रडत होता. बंद कारखान्याने व्याज दिलं होतं. याहून मोठा चमत्कार आमच्या शहराने पाहिला नव्हता, आणि त्या दिवसापासून सरांकडे पैसे ठेवायला रांग लागली.

मी ताईबरोबर तिच्या घरी गेलो. ती मटार सोलायला बसली. मी म्हणालो, "ताई, ज्या कारखान्यात दिवा लागत नाही तो व्याज कुठून देतो?"

"सरांनी राखीव निधी ठेवलाय."

"कोणाच्या पैशांचा?"

"ते मला काय माहीत? हुशार माणूस आहे, ठेवला असेल."

"ताई, हे आश्चर्य नाहीये. हाच पुरावा आहे. व्याज थांबलं असतं तर मी म्हणालो असतो, धंदा खरा होता, बुडाला. थांबलं नाही म्हणजे ते कारखान्याकडून कधी येतच नव्हतं."

तिचे हात थांबले. "चार माणसं माझं ऐकतात ते तुला बघवत नाही का?" ती म्हणाली. "तू पंधरा दिवसांनी येतोस, चहा पितोस, जातोस. ती माणसं मला रोज फोन करतात."

ते खरं होतं. मी टरफलं गोळा करून टाकली आणि घरी आलो. नंतर तीन महिने मी तो विषय काढला नाही. माझी बायको विचारायची, "बोललात का पुन्हा?" मी म्हणायचो, "एकदा सांगितलं ना." खरं तर ताई तुटेल याची मला भीती होती, आणि आपण बरोबर ठरलोच तर तेव्हा बघू, असा आळसही होता.

त्या तीन महिन्यांत मावशीने पैसे भरले.

मावशी म्हणजे ताईच्या वॉर्डातली सफाई कामगार. बावीस वर्षं दोघी एका वॉर्डात होत्या. ताई डबा उघडायची तो मावशीबरोबर. मावशीच्या मुलीला ताईसारखंच नर्स व्हायचं होतं, आणि तिच्या शिक्षणासाठी मावशीने पोटाला चिमटा घेत एक लाख ऐंशी हजार जमवले होते. प्रवेश वर्षभराने होता. "तोवर नुसते का पडू द्यायचे?" असं ताईनेच तिला सांगितलं. चांगल्या मनाने सांगितलं. हे मला जुलैमध्ये कळलं, आणि मी त्याच दुपारी एक पत्र लिहून ताईकडे गेलो.

कुठल्याही कंपनीचे रोखे कोणाकोणाच्या नावावर आहेत याची नोंद कंपनीच्या किंवा ॲपच्या हातात नसते. ती ठेवायला एक वेगळी संस्था असते, रजिस्ट्रार. आपल्या नावाने तिला विचारता येतं. फुकट. पाइपांच्या कारखान्याच्या रजिस्ट्रारला लिहिलेल्या त्या पत्रात दोनच ओळी होत्या: अमुक नंबरचे रोखे माझ्या नावावर आहेत का, आणि त्यांवर व्याज कधी दिलं गेलं. पत्र ताईच्या नावाने असल्याने सही तिचीच लागणार होती.

तिने पत्र वाचलं. "एवढ्याने तुझं समाधान होणार आहे?"

"होईल."

"मग एकदाचा हो मोकळा." तिने ठसठशीत सही केली. तिच्या मनात तिळभरही शंका नव्हती, म्हणूनच तिने सही केली.

उत्तर तिच्या पत्त्यावर येणार होतं. मी दोनदा विचारलं, ती म्हणाली, अजून नाही. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मी सभागृहात मागे उभा होतो. पंखे बंद झाले, फोन वाजले, सरांनी नव्या लोकांना पुढे बोलावलं. तेवढ्यात ताई पहिल्या रांगेतून उठली आणि न बोलावता माइकपाशी गेली. लोकांनी नेहमीसारख्या टाळ्या वाजवल्या. तिने पर्समधून चष्मा काढला, मग एक घडी केलेला कागद.

"हे पत्र मंगळवारी आलं," ती म्हणाली. "मी तुम्हाला वाचून दाखवते."

वॉर्डात औषधांची यादी वाचावी तशा सपाट आवाजात तिने ते वाचलं. या नंबरचे रोखे खरे आहेत. त्यांतला एकही आपल्या नावावर नाही आणि कधीही नव्हता. या रोख्यांचं व्याज सहामाही असतं, मासिक नव्हे. कंपनीने मागचे दोन हप्ते कोणालाही दिलेले नाहीत.

सर पुढे झाले. "ताईंची तब्येत जरा बरी नाहीये."

"माझी तब्येत उत्तम आहे," ताई म्हणाली आणि लोकांकडे वळली. "तुमच्या बँकेचा मेसेज उघडा. ॲप नको, बँकेचा. आत्ता जे पैसे आले ते कोणी पाठवले, ते नाव वाचा."

चारशे माना खाली गेल्या. कोणाचे रोखे पाइपांचे, कोणाचे सिमेंटचे, कोणाचे घरबांधणीचे. पण पाठवणाऱ्याचं नाव सगळ्यांकडे एकच निघालं, आणि ते त्या अकरांपैकी कुठल्याही कंपनीचं नव्हतं. म्हाताऱ्या शिंप्याने ते मोठ्याने वाचलं. कोपऱ्यातून कोणीतरी तेच वाचलं. मग आणखी कोणी.

"नंबर खऱ्या रोख्यांचे, पण त्यांवर नाव आपलं नाही. ॲप म्हणजे नुसतं चित्र," ताई म्हणाली. "एका खात्यातून बटण दाबलं की सगळ्यांना एकदम पैसे जातात, म्हणून फोन एकदम वाजतात. खऱ्या कंपनीचं व्याज सुट्टीच्या दिवशी पडत नाही. हा रविवार निवडतो, कारण रविवारी आपण इथे येतो आणि येताना नवीन माणूस आणतो. त्या नव्या माणसाने भरायचं आणि जुन्याला मिळायचं. मला आज जे आलं ते कोणाचं आहे सांगू? ते मावशीचं आहे."

मावशी चौथ्या रांगेत बसली होती.

"पाच मिनिटांत सर्व्हर बघून येतो," असं म्हणून सर मागच्या दाराने गेले. ते परत आले नाहीत.

आता लोक ताईचे आभार मानतील असं मला वाटलं होतं. एक माणूस खुर्ची लोटून पुढे आला. "तुम्हाला आजच बोलायचं होतं? मी बुधवारी सगळे काढणार होतो." मग दुसरा. "आणलंत तुम्हीच ना आम्हाला?" मग बायका. ताईने बोलून सिस्टीम बंद पाडली, गप्प राहिली असती तर सगळ्यांचे निघाले असते, असं ती माणसं एकमेकांना सांगू लागली. कोणाचे निघाले असते आणि कोणाच्या जिवावर, हा हिशेब त्या गर्दीत कोण करणार? मी तिला खांद्याला धरून बाहेर काढलं. कोणीतरी तिच्या पाठीवर पाण्याची बाटली फेकली.

बसमध्ये ती खिडकीकडे बघत बोलली. "सभेच्या आधी मी त्याच्या खोलीत गेले होते. पत्र दाखवलं. वाटलं, काहीतरी समजावून सांगेल. काही चूक झाली असेल."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ताई, तुमचे सात लाख आत्ता देतो, इथल्या इथे. फक्त आज बोलू नका." तिने पर्स मांडीवर ओढून घेतली. "मी विचारलं, कोणाचे देणार? तो नुसता हसला. खोटं कशाला सांगू, दहा मिनिटं बसले होते मी तिथे. दहा मिनिटं विचार करत होते."

तक्रार झाली, चौकशी झाली. खात्यात जे सापडलं ते माणशी वाटलं तर महिन्याच्या किराण्याइतकंही भरलं नसतं. ताईचा फोन कोणी उचलेना. रुग्णालयासमोरून जावं लागू नये म्हणून ती लांबच्या रस्त्याने जाऊ लागली. मावशीच्या मुलीचा पुढच्या वर्षीचा प्रवेश हुकला. मावशी भांडायला आली नाही. ताई तिची रोज वाट बघायची. "येऊन चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," म्हणायची.

एकसष्टाव्या वर्षी ताईने एका खासगी दवाखान्यात जखमा बांधायची नोकरी धरली. गुडघे सुजायचे. मी पैसे देऊ केले, तिने थोडे घेतले, बाकी स्वतः जमवले. चौदा महिन्यांनी एक लाख ऐंशी हजार पुरे झाले, तेव्हा आम्ही दोघं मावशीच्या घरी गेलो, तिसऱ्या मजल्यावर. मावशीने दार उघडलं. ताईने पाकीट पुढे केलं. मावशीने ते घेतलं, मोजलं नाही. आत या म्हणाली नाही.

"मुलीला म्हणावं, अभ्यासात काही अडलं तर मला विचार," ताई म्हणाली.

"सिस्टर, ती तुम्हाला नाही विचारणार," मावशी म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग तिने दार लोटलं, हळूच.

जिन्यावर ताई कठड्याला धरून उभी राहिली. "सुई देण्याआधी बाटलीवरचं नाव आम्ही दोघीजणी वाचायचो," ती म्हणाली. "मी आणि दुसरी एखादी नर्स. माझ्यावर कोणाचा अविश्वास होता म्हणून नाही. एका माणसाचे डोळे चुकतात म्हणून. पैसे ठेवताना माझ्याबरोबर दुसरं कोणी नव्हतं रे."

मी होतो. ते मी तिला म्हणालो नाही, तिला ते माहीत होतं.

ताई गेल्या हिवाळ्यात गेली. अंत्यविधीला आम्ही नऊ जण होतो. जिने निम्म्या शहराची पोरं उठवून घरी पाठवली, तिला पोचवायला नऊ माणसं.

म्हणून हे लिहितो आहे. रोखे घ्या, खुशाल घ्या. पण ॲप काय दाखवतं त्यावर जाऊ नका. नोंद ठेवणाऱ्या संस्थेला आपल्या नावाने विचारा. पैसे कोणाच्या खात्यात जातात आणि कोणाच्या खात्यातून येतात, ते नाव वाचा. भीती शून्य आणि व्याज जास्त असं कोणी सांगितलं, तर भीती कुठे लपवली आहे ते शोधा. विचारणाऱ्याचं व्याज अडकतं म्हणणारा माणूस दिसला की तिथून उठा. ज्या गोष्टीला प्रश्न सोसत नाही ती गोष्ट खरी नसते, मग ती देवाच्या नावाने सांगितलेली असो की सिस्टीमच्या.

आणि ज्यांना हे आधीच कळतं त्यांना हात जोडून एक सांगतो. सर एकट्याच्या बळावर उभे नव्हते. त्यांना जितकी विश्वास ठेवणारी माणसं लागत होती तितकीच माझ्यासारखी गप्प बसणारी शहाणी माणसंही लागत होती. आपल्या माणसाला एकदा सांगून मोकळे होऊ नका. ते चिडेल, घालूनपाडून बोलेल. त्याच्याकडे वरचेवर जा, त्याच्याजवळ बसा, आणि पुन्हा विचारा.